वाचकांचे प्रश्न : कोआचं खोरं पाहायचं ते उन्हाच्या वेळेनुसार

पोर्तुगालच्या ईशान्य कोपऱ्यातल्या कोआ नदीच्या खोऱ्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : पोर्तोमध्ये आमचा मुक्काम चार दिवसांचा आहे. सकाळी निघून संध्याकाळी परत, अशा बेतात कोआची अश्मयुगीन चित्रं पाहून होतील का? (पुणे)

एखादं ठिकाण घाईघाईत उरकता येईल, पण त्यासाठी एवढ्या लांब जाऊ नका. किमान एक रात्र व्हिला नोव्हा द फॉश कोआ या गावात काढा. जमल्या तर दोन काढा.

याचं कारण ऊन. इथली चित्रं गुहेत नाहीत. नदीकाठच्या शिस्ट खडकाच्या उभ्या, सपाट भिंतींवर ती उघड्यावर कोरलेली आहेत. कोरली तेव्हा रेषा फिकट आणि खडक गडद, असा फरक दिसत असणार. हजारो वर्षांत रेषेवरही खडकाचाच रंग चढला. आता रेष ओळखू येते ती तिच्या कडेला पडणाऱ्या बारीक सावलीमुळेच. ऊन तिरपं असलं तर बैलाची पाठ, शिंगं, पोट सगळं उठून येतं. तेच ऊन समोरून आलं, किंवा भिंत पूर्ण सावलीत गेली, की त्याच जागी नुसता खडक दिसतो.

लोकांना खुल्या असलेल्या मुख्य जागा तीन. कानादा दो इन्फेर्नो डाव्या तीरावर, पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणून ती सकाळी पाहायची. पेनास्कोझा उजव्या तीरावर, पश्चिमाभिमुख आहे, म्हणून ती दुपारनंतर. या दोन्ही भेटी आपापल्या योग्य वेळी साधायच्या तर दिवस तिथेच जातो. तिसरी जागा रिबैरा द पिस्कोस. तिथे चालणं जास्त आहे, अडीच तास तरी हाताशी ठेवा. माना एकमेकींवर टाकलेले दोन घोडे तिथेच आहेत आणि या खोऱ्यात दुर्मिळ असलेली माणसाची आकृतीही.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी एकच जागा निवडायची असेल तर पेनास्कोझा घ्यावी. तिथल्या एका खडकावर घोड्याच्या जोडीतल्या नराला तीन डोकी आहेत. तो राक्षस नव्हे. मान खाली आणतानाच्या तीन स्थिती कोरणाऱ्याने एकाच धडावर दाखवल्या आहेत. वाटाड्या दाखवील तेव्हा आधी पाठीची रेघ पकडा आणि तिच्यामागून मानेपर्यंत या. सरळ डोकं शोधायला गेलात तर सगळा गुंता वाटतो. पेनास्कोझाला रात्रीच्या भेटीही असतात. दिवा खडकाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरतात, त्यामुळे दिवसा हरवणाऱ्या केसाएवढ्या रेघाही दिसतात. मिळाली तर ही भेट सोडू नका.

प्रश्न : स्वतःच्या गाडीने थेट चित्रांपर्यंत जाता येतं का? तिकीट तिथे मिळतं? (नाशिक)

नाही. चित्रं ज्या पुरातत्त्व उद्यानात आहेत, त्याच्या जीपमधून, वाटाड्याबरोबरच जावं लागतं. एका जीपमध्ये आठच माणसं बसतात, त्यामुळे जागा आधी राखून ठेवणं अत्यावश्यक आहे. बदामाच्या बहरात आणि सुट्ट्यांच्या दिवसांत आयत्या वेळी गेलेल्यांना हमखास परतावं लागतं. तारीख ठरली की विमानाच्या तिकिटाबरोबर हेही उरका, आणि जागा राखताना भेट कुठून सुटते ते विचारून घ्या. कानादा दो इन्फेर्नोची जीप फॉश कोआच्या कोआ संग्रहालयापासून निघते, तर पेनास्कोझाची कास्तेलो मेल्योर गावातून, म्हणजे फॉश कोआपासून सुमारे 15 किलोमीटरवरून. संग्रहालयाच्या दारात उभं राहून पेनास्कोझाची भेट हुकवणारे पाहुणे कमी नाहीत.

भिंतीला हात लावू नये, पाणी शिंपडू नये, खडूने रेघ गिरवू नये. फोटोसाठी फ्लॅश बंदच ठेवा. नियम म्हणून तर खरंच, पण समोरून पडलेला फ्लॅश सावली पुसतो आणि फोटोत काहीच उरत नाही.

प्रश्न : ही चित्रं धरणात बुडणार होती असं वाचलं. नेमकं काय घडलं? (कोल्हापूर)

कोआवर मोठं जलविद्युत धरण बांधायला घेतलं होतं. नोव्हेंबर 1994मध्ये चित्रांची बातमी जाहीर झाली आणि वाद पेटला. फॉश कोआच्या शाळकरी मुलांपासून परदेशी पुरातत्त्वज्ञांपर्यंत अनेकजण त्यात उतरले. ‘चित्रांना पोहता येत नाही’ ही घोषणा देशभर गाजली. 1995च्या निवडणुकीनंतर आलेल्या आंतोनियो गुतेरश यांच्या सरकारने काम थांबवलं. हेच पुढे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झाले. 1996मध्ये पुरातत्त्व उद्यान सुरू झालं, 1998मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आलं, आणि 2010मध्ये त्याच नोंदीत स्पेनमधल्या सिएगा व्हेर्देची भर पडली. संग्रहालयही 2010चंच.

कानादा दो इन्फेर्नोला गेलात तर अर्धवट सोडलेल्या धरणाच्या खुणा डोळ्यांसमोर दिसतात. तिथली कितीतरी चित्रं आजही पाण्याखाली आहेत, पण त्याला कारण वेगळं, जुनं धरण : दोरो नदीवरचं पोसिन्योचं. त्याच्या फुगवट्यामुळे कोआची पातळी वर आली. एक धरण रोखलं म्हणून सगळं वाचलं, असा समज घेऊन जाऊ नका.

प्रश्न : कोकणातली कातळशिल्पं आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. इथे वेगळं काय? वयाचा पुरावा काय? (रत्नागिरी)

कोकणातल्या सड्यावर आडव्या जांभ्यात कोरलेलं असतं, आकृत्या मोठ्या असतात आणि आपण वरून पाहतो. इथे भिंत उभी आहे, काही आकृत्या वितीएवढ्या आहेत आणि एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी कोरलेली आहे. ठोकून पाडलेल्या टिंबांची रेघ, घासून खोल केलेली रेघ आणि टोकदार दगडाने ओढलेली बारीक रेघ अशा तिन्ही तऱ्हा एकाच भिंतीवर सापडतात. विषय मात्र थोडेच : घोडा, रानटी बैल, रानबोकड, हरीण, क्वचित मासा.

वयावरून सुरुवातीला जोरदार भांडण झालं. ते मिटवणारा पुरावा 1999मध्ये याच खोऱ्यातल्या फारिझेऊ इथे मिळाला. पाणी उतरल्यावर तिथला एक कोरलेला खडक खणला, तेव्हा चित्रांवरच पुराश्मयुगाच्या अखेरच्या काळातली दगडी हत्यारं असलेले मातीचे थर चढलेले निघाले. थर चढण्याआधी चित्र हवंच. कोकणात सड्यावर माती टिकत नाही, म्हणून असा पुरावा मिळणं अवघड आहे. कातळशिल्पांच्या अभ्यासकांनी संग्रहालयातलं फारिझेऊचं दालन निवांत पाहावं.

एक सूचना : खडकांवर गलबतं, धार्मिक चिन्हं, आगगाडीसुद्धा दिसेल. ती नदीकाठच्या पाणचक्क्या चालवणाऱ्यांनी अलीकडच्या शतकांत कोरलेली आहेत. खोऱ्यात कोरण्याची सवय विसाव्या शतकापर्यंत चालू होती, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नका.

प्रश्न : रेल्वेने जायचं आहे. कुठे बसावं, कुठे उतरावं? (ठाणे)

पोर्तोहून दोरो मार्गाचं शेवटचं स्टेशन पोसिन्यो. साडेतीन तासांच्या आसपास लागतात. जाताना उजवीकडची खिडकी घ्या, कारण बराच वेळ नदी उजव्या हाताला असते. पिन्यांवच्या पुढे फेर्रादोझा इथे गाडी पूल ओलांडते आणि नदी डावीकडे जाते, तेव्हा जागा बदला. पिन्यांव स्टेशनवर द्राक्षमळ्यांच्या चित्रांच्या निळ्या फरशा आहेत. गाडी थांबते तेवढ्यात खिडकीतून पाहून घ्या.

पोसिन्योला उतरल्यावर फॉश कोआ आठेक किलोमीटर, सगळा चढ. टॅक्सी आधी फोन करून ठरवा, स्टेशनबाहेर उभी असेल या भरवशावर राहू नका. दरड किंवा दुरुस्तीमुळे वाटेतल्या रेग्वा स्टेशनच्या पुढे अधूनमधून गाडीऐवजी बस देतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करा. पुढचे किल्लेही पाहायचे असतील तर पोर्तोहूनच भाड्याची गाडी बरी.

प्रश्न : किल्ल्यांपैकी कोणता निवडावा? (सातारा)

आल्मेदा. फॉश कोआहून गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. 1641पासून बांधलेली बारा टोकांची ताऱ्याच्या आकाराची तटबंदी, परीघ सुमारे अडीच किलोमीटर, वरून पूर्ण फिरता येते. आपल्या डोंगरी किल्ल्यांसारखी उंच भिंत इथे शोधू नका. तट बुटके, जाड आणि उतरते आहेत, कारण ते तोफगोळे झेलण्यासाठी आहेत, आणि पुढचा प्रत्येक कोन शेजारच्या कोनावरच्या तोफांच्या माऱ्यात येतो. पुढे ऑगस्ट 1810मध्ये फ्रेंचांच्या वेढ्यात आतल्या जुन्या गढीतल्या दारूकोठाराने पेट घेतला. शेकडो माणसं एका स्फोटात गेली आणि किल्ला दोन दिवसांत पडला. आज गढीचा पायाच उरला आहे. त्या युद्धात फ्रेंचांविरुद्धच्या फौजेचा सेनापती वेलिंग्टन, म्हणजे 1803मध्ये असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला वेलस्ली.

वाटेत कास्तेलो रॉद्रिगोला तासभर थांबा. 1297च्या आल्कानिसेसच्या तहापर्यंत कोआच्या पूर्वेचा हा पट्टा लेऑनच्या राज्याकडे होता, म्हणून नदीच्या या बाजूला एवढे किल्ले दाटीने दिसतात.

प्रश्न : कोणत्या महिन्यात जावं? सोबत शाकाहारी आई-बाबा आहेत. (नागपूर)

फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत बदाम फुलतो, थंडी सोसवते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरही चांगले. जुलै-ऑगस्ट टाळा. पारा चाळिशी गाठतो, शिस्टचा खडक तापून खोरं भट्टी होतं आणि सावलीला झाड मिळत नाही. संग्रहालयापासून खाली संगमाकडे जाणाऱ्या लाकडी वाटेला नऊशेच्या आसपास पायऱ्या आहेत. उतरणं सोपं वाटतं, पण तेवढ्याच चढायच्या असतात. आई-बाबांना संग्रहालयाच्या गच्चीवरूनच कोआ-दोरोचा संगम दाखवा, तिथून तो उत्तम दिसतो.

जेवताना ‘मांस नको, मासे नकोत’ दोन्ही सांगा. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर मासा येतो. हिरव्या भाजीच्या सूपमध्ये सॉसेजची चकती असते, ती आधीच वगळायला सांगावी. चीज हवं असेल तर सेर्रा दा एश्त्रेलाचं मेंढीचं चीज मागा. ते काटेरी रानफुलाच्या रसाने विरजतात, त्यात प्राण्यांचं रेनेट, म्हणजे वासरा-कोकरांच्या जठरातून काढलेलं विरजण, नसतं. इतर चीजचं तसं नाही, म्हणून दुकानात विचारून घ्या.