स्विचची हवा : आत कुठून, बाहेर कुठे?

डेटा सेंटरमधल्या नेटवर्क स्विचचे पंखे आणि हवेची दिशा, यांविषयी आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : सर्व्हर रॅकच्या माथ्यावर बसवायला एक यू (रॅकमधला एक खण) उंचीचे, ४८ पोर्टचे स्विच घ्यायचे आहेत. विक्रेता विचारतो, 'फ्रंट टू बॅक हवेत की बॅक टू फ्रंट?' आमचे सर्व्हर सगळे फ्रंट टू बॅक आहेत. मग स्विचही तसेच घ्यायचे ना? (ऐरोली)

उत्तर : तसे मागवलेत तर बहुधा उलटे येतील. सर्व्हरचा 'फ्रंट' म्हणजे डिस्कची बाजू, आणि ती कोल्ड आइलकडे (थंड हवेच्या गल्लीकडे) असते. नेटवर्क कार्डं मागे, हॉट आइलकडे (गरम हवेच्या गल्लीकडे). केबल आखूड राहावी म्हणून रॅकच्या माथ्यावरच्या स्विचचे पोर्टही मागेच ठेवतात. बऱ्याच स्विच बनवणाऱ्यांच्या लेखी मात्र पोर्टची बाजू हाच 'फ्रंट'. म्हणजे तुमच्या रॅकमध्ये स्विच पाठमोरा बसणार आणि 'फ्रंट टू बॅक' स्विच हॉट आइलची हवा ओढून कोल्ड आइलमध्ये सोडणार.

हॉट आइलमध्ये ३५ ते ४० अंश सेल्सिअस सहज असतात आणि बऱ्याच स्विचना आत येणारी हवा ४० अंशांपर्यंतच चालते. पंचाईत अशी, की स्विच लगेच बंद पडत नाही. पंखे पूर्ण वेगाने फिरत राहतात, वीज जास्त जाते, आणि शेजारच्या सर्व्हरच्या तोंडावर गरम झोत येतो. मग सगळे एसीला दोष देतात.

तेव्हा 'फ्रंट' आणि 'बॅक' हे शब्द व्यवहारातून काढूनच टाका. प्रश्न एकच विचारा : पंखे आणि पॉवर सप्लायची बाजू कोणत्या आइलमध्ये उभी राहणार? ती कोल्ड आइलमध्ये असेल, तर हवा पंख्यांकडून आत येऊन पोर्टकडून बाहेर पडली पाहिजे. सिस्को याला पोर्ट-साइड एक्झॉस्ट म्हणते. तुम्हाला हेच हवे. उलट, ज्या नेटवर्क रॅकमध्ये पॅचिंग (केबल जोडणे-काढणे) कोल्ड आइलमधून होते, तिथे पोर्टकडून हवा आत घेणारा, म्हणजे पोर्ट-साइड इनटेक, स्विच लागतो.

ज्युनिपरच्या क्यूएफएक्स मालिकेत पंख्यांवर एएफआय किंवा एएफओ लिहिलेले असते. ही अक्षरे पंख्यांच्या बाजूबद्दल बोलतात : एएफआय म्हणजे तिथून हवा आत, एएफओ म्हणजे तिथून बाहेर. मेलानॉक्सचे (आता एनव्हिडिया) पी२सी म्हणजे पॉवरकडून कनेक्टरकडे, आणि सी२पी त्याच्या उलट. खरा घोळ 'एफ' या अक्षरात आहे. अरिस्टाच्या मॉडेल क्रमांकाच्या शेवटी 'एफ' असेल, तर हवा पोर्टकडून आत येते. मेलानॉक्सच्या एसएन२७०० मध्ये सीएस२एफ म्हणजे पी२सी, बरोबर उलटी दिशा. सिस्को नेक्ससच्या एनएक्सए-फॅन-३०सीएफएम-एफ या पंख्यातही 'एफ' म्हणजे पोर्ट-साइड एक्झॉस्टच. पोर्टकडून हवा घेणाऱ्या जोडीदाराला 'बी' आहे. त्यांच्या नंतरच्या पंख्यांना पीई आणि पीआय अशी अक्षरे आली, ती निदान स्वतःच स्वतःचा अर्थ सांगतात.

म्हणून खरेदीच्या ऑर्डरमध्ये मॉडेल क्रमांकाखाली साध्या भाषेत एक ओळ लिहा : 'हवा पॉवर सप्लायच्या बाजूने आत, पोर्टच्या बाजूने बाहेर, पंखे आणि पॉवर सप्लाय दोन्ही याच दिशेचे.' माल चुकीचा आला तर हीच ओळ कामी येते.

प्रश्न : आधीच्या टीमने बसवलेले वीसेक स्विच ताब्यात आले आहेत, कागदपत्रे काहीच नाहीत. बंद न करता दिशा कशी ओळखायची? (पुणे)

उत्तर : आधी पंख्यांचा रंग बघा. नेक्सस ९००० मध्ये निळी खूण म्हणजे पोर्ट-साइड एक्झॉस्ट आणि गडद तांबडी म्हणजे पोर्ट-साइड इनटेक. निळा पंखा थंड गल्लीत, तांबडा गरम गल्लीत, एवढे लक्षात ठेवले की पुरे. हा रंगसंकेत सगळ्या कंपन्यांचा एकच नाही, त्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या स्विचवर त्याच भरवशाने बोट ठेवू नका.

मग कमांड. सिस्को नेक्ससच्या एनएक्स-ओएस प्रणालीमध्ये 'शो एन्व्हायर्नमेंट फॅन' दिल्यावर पंख्याच्या मॉडेलसोबत दिशेचाही रकाना दिसतो. सॉनिक या मुक्त स्विच प्रणालीमध्ये 'शो प्लॅटफॉर्म फॅन' दिले की दिशेखाली इनटेक किंवा एक्झॉस्ट येते. ज्युनिपरवर 'शो चासी एन्व्हायर्नमेंट', अरिस्टावर 'शो सिस्टिम एन्व्हायर्नमेंट कूलिंग'. ही माहिती पंख्याच्या ट्रेमधल्या छोट्या मेमरीतून वाचली जाते. कुणी ट्रे उघडून आतला पंखा फिरवून बसवला असेल, तर कमांड खुशाल जुनीच दिशा सांगेल.

म्हणून शेवटी हाताने खात्री करा. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी पंख्याच्या जाळीसमोर धरा : चिकटली तर हवा आत जाते, फडफडून दूर झाली तर बाहेर येते. पट्टी घट्ट धरा, तुकडा आत जाता कामा नये. पॉवर सप्लायच्या जाळीसमोर हीच चाचणी वेगळी करा, कारण त्याला स्वतःचा पंखा असतो आणि बदललेल्या पॉवर सप्लायची दिशा चुकलेली असणे ही नेहमीची गोष्ट आहे. उदबत्ती लावून मात्र बघू नका. हवा ओढून धूर तपासणारी यंत्रणा तेवढ्यावरही जागी होते, आणि मग तुम्हाला अग्निशमनवाल्यांशी बोलत बसावे लागेल.

प्रश्न : दिशा बरोबर आहे, पंखे कोल्ड आइलकडे आहेत. आइलमध्ये २४ अंश आहेत, तरी स्विच इनलेट (आत येणारी हवा) ३७ अंश दाखवतो. सेन्सर बिघडला असेल का? (महापे)

उत्तर : सेन्सर पेटीच्या आत असतो, त्यामुळे दोन-चार अंश जास्त दिसले तर सोडून द्यावे. तेरा अंश म्हणजे स्विच खरोखर गरम हवा घेतो आहे. कारण बहुधा खोलीत, म्हणजे स्विचच्या लांबीत सापडेल.

रॅकच्या पुढच्या आणि मागच्या रेलमध्ये साधारण ७३-७४ सेंटिमीटर अंतर असते. स्विच ५० सेंटिमीटरच्या आसपास. पोर्ट मागच्या रेलशी टेकवले, की पंख्यांची बाजू पुढच्या रेलपासून वीत-सव्वा वीत आत राहते. वर-खाली सर्व्हर, दोन्ही बगलांना मोकळी जागा, आणि त्या जागेतून मागची गरम हवा पुढे सरकते. पंख्यांचे तोंड कोल्ड आइलकडे असले, तरी श्वास रॅकच्या पोटातला असतो.

यात भर घालतो तो नेटका माणूस. पुढून एक यूची फट दिसते, म्हणून तो तिथे ब्लँकिंग पॅनेल (रिकामा खण झाकणारी पट्टी) लावतो. इतर सर्व रिकाम्या जागी ते लावायलाच हवे, पण या एका यूसमोर लावले तर स्विचची थंड हवाच बंद होते आणि बगलेतून गरम हवा ओढण्यावाचून त्याला गती उरत नाही. तुमच्याकडे आधी हेच तपासा. पॅनेल काढून पंधरा मिनिटांनी पुन्हा तापमान वाचा. तेवढ्याने काही फरक मिटतो, उरलेला डक्टने.

डक्ट म्हणजे पुढच्या रेलपासून पंख्यांपर्यंत जाणारी एक यू उंचीची पत्र्याची किंवा प्लास्टिकची बंद पन्हळ. स्विच कंपन्यांच्या ॲक्सेसरीत ती मिळते, पॅंड्युइटसारखे रॅक सामान बनवणारेही विकतात. मापे घेताना तीन आकडे लिहून घ्या : रेल ते रेल अंतर, स्विचची लांबी, आणि पॉवर केबलचा प्लग किती बाहेर येतो. तिसरा आकडा हमखास राहतो. पॉवर सप्लाय पुढे आणि पीडीयू (रॅकमधली वीज वाटणारी पट्टी) मागे, त्यामुळे केबल डक्टमधून वळून मागे न्यावी लागते. सी१३ प्लग (केबलचे स्विचमध्ये बसणारे टोक) आणि त्याचा बाक जाळीवर आला, तर नवा अडथळा तयार. काटकोनी प्लगची, पुरेशा लांबीची केबल घ्या; दोन मीटर बहुधा पुरते. डक्ट असा निवडा की तो बाजूला करून पंखा बदलता येईल.

काम झाल्यावर थर्मामीटरचे टोक थेट पंख्याच्या जाळीपाशी धरून मोजा. ॲशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने सुचवलेली १८ ते २७ अंशांची पट्टी उपकरणात शिरणाऱ्या हवेसाठी आहे. खोलीच्या भिंतीवरचा आकडा त्यासाठी कामाचा नाही.

प्रश्न : चारपैकी एक पंखा बंद पडला. त्याच मॉडेलचा पण उलट दिशेचा ट्रे शिल्लक आहे. दोन दिवसांसाठी चालेल का? (नागपूर)

उत्तर : नाही, दोन तासांसाठीही नाही. तीन पंखे पेटीतली गरम हवा बाहेर टाकत असतील आणि चौथा तिथूनच आत ओढत असेल, तर शेजाऱ्याने टाकलेली गरम हवा तो पुन्हा पेटीत भरतो. हीट सिंकवरून (चिपची उष्णता घेणाऱ्या धातूच्या भागावरून) जाणारा प्रवाह घटतो. कमांडमध्ये चारही पंखे पूर्ण वेगाने फिरताना दिसतात, चिप मात्र तापत जाते. काही स्विच दिशेची मिसळ ओळखून इशारा देतात किंवा स्वतःला बंद करतात. अरिस्टाच्या ईओएस या प्रणालीमध्ये पंखे अपुरे पडल्यावरची ही आपोआप बंद होण्याची क्रिया दुर्लक्षित करायची सोय आहे. तिला हात लावू नका.

बंद पडलेला ट्रे बदली येईपर्यंत जागेवरच राहू द्या. तो काढला की तिथे भोक पडते, आणि हवा चिपवरून जाण्याऐवजी त्या भोकातून जवळच्या वाटेने फिरते. उरलेले पंखे वेग वाढवून वेळ निभावतात, पण ते महाग पडते : पंख्याचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात वाढतो, लागणारी वीज मात्र वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग ५० वरून ८० टक्क्यांवर गेला, की पंख्यांची वीज चौपटीच्या वर जाते.

बदली ट्रे आल्यावर त्याचा क्रमांक, रंग आणि दिशा जुन्याशी जुळवा, खोक्यातून काढून हाताशी ठेवा, ईएसडी पट्टा (अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडणारा) बांधा. मग जुना ट्रे खिटी दाबून दोन-तीन सेंटिमीटर ओढा आणि पाती थांबेपर्यंत थांबा. वीज तुटली तरी ती काही क्षण फिरत असतात. पूर्ण काढा, नवा 'खट्' होईपर्यंत सारा. दिवा हिरवा झाला की दोन मिनिटांनी आरपीएम वाचा. एका ट्रेमध्ये पाठोपाठ दोन पंखे असतील, तर दोघांचे आकडे वेगळे येतात. तो बिघाड नाही.

सबंध स्विचचीच दिशा बदलायची असेल, तर ती चालू स्विचवर एकेक ट्रे बदलून होत नाही. आधी खात्री करा की त्या मॉडेलला दोन्ही दिशा चालतात. मग स्विच बंद करून सगळे पंखे आणि सगळे पॉवर सप्लाय एकदमच बदला.

प्रश्न : कॉलेजच्या लॅबमध्ये जुना डेटा सेंटर स्विच आहे. आवाज असह्य आहे. आतले ४० मिलिमीटरचे पंखे बदलून शांत पंखे बसवावेत का? (कोल्हापूर)

उत्तर : हिशेब करून बघा. लागणारी हवा सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) = १.७६ × वॅट ÷ तापमानातली वाढ. १५० वॅट आणि १५ अंश वाढ धरली, तर साधारण १८ सीएफएम. नॉक्चुआचा ४० × २० मिलिमीटरचा पंखा मोकळ्या हवेत साडेपाच सीएफएमच देतो, आणि दाट हीट सिंकसमोर त्याहून कमी. शिवाय अपेक्षित आरपीएम न दिसल्याने स्विच पंखा नादुरुस्त ठरवतो. स्विच वेगळ्या खोलीत ठेवून फायबर ओढणे स्वस्त पडेल.

प्रश्न : पोर्ट-साइड एक्झॉस्ट स्विचमध्ये १० गिगाबिटचे कॉपर एसएफपी+ मॉड्यूल (पोर्टमध्ये खोचायचे, तांब्याच्या केबलसाठीचे जोड) लावले आहेत. इनलेट २५ अंश असूनही मॉड्यूल ६८ अंश दाखवतात. (बंगळूर)

उत्तर : या दिशेत मॉड्यूलना चिप आणि पॉवर सप्लायवरून तापून आलेली हवा मिळते, त्यामुळे तेच मॉड्यूल पोर्ट-साइड इनटेक स्विचपेक्षा गरम दिसणार. त्यात १०जीबेस-टी, म्हणजे तुमचे कॉपर मॉड्यूल, अडीच वॅटच्या आसपास घेते, साधे एसआर ऑप्टिक (फायबरचे मॉड्यूल) एक वॅट किंवा कमी. सर्वसाधारण मॉड्यूलच्या कवचाची मर्यादा ७० अंशांची, म्हणजे तुम्ही काठावर आहात.

कॉपर मॉड्यूल एकमेकांशेजारी किंवा वर-खाली लावू नका, मध्ये एक पोर्ट सोडा. एकाच रॅकमधल्या जोडण्यांना त्यांची गरजच नाही. सर्व्हरच्या कार्डावर एसएफपी+ असेल तर तीन मीटरची डॅक केबल (दोन्ही टोकांना मॉड्यूल जोडूनच येणारी तांब्याची केबल) लावा, ती जवळपास काहीच वीज घेत नाही. पोर्टसमोर केबलचा जुडगा पडदा होऊन लोंबत असेल, तर तो बाजूंना वळवून बांधा, कारण तुमच्या स्विचची हवा तिथूनच बाहेर पडते. नंतर 'शो इंटरफेस ट्रान्सीव्हर डिटेल्स' देऊन अर्ध्या तासाने आकडे पुन्हा घ्या. ६० च्या खाली आले नाहीत, तर ७० हून जास्त मर्यादेची औद्योगिक श्रेणीची मॉड्यूल मागवा.