यादी तुझ्या डोक्यात असू दे

प्रिय पोरा,

रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारात तुला बघितलं. तू मोटारसायकलला टेकून मोबाईलमध्ये डोकं घातलेलं आणि तुझी आई दोन पिशव्या सांभाळत कोथिंबिरीच्या ढिगाशी वाकलेली. मी हाक मारली तर म्हणालास, "काका, मला बाजाराचा लई कंटाळा येतोय ओ. आवडतच नाही, काय करू?" गर्दीत धड बोलता आलं नाही. घरी आल्यावरही तेच डोक्यात घोळत राहिलं, म्हणून लिहितोय.

आवडत नाही ना? नको आवडू दे. मला साठीनंतरही आवडत नाही. ती रेटारेटी, तो चिखल, बोटांत रुतणारे पिशवीचे बंद. हळूहळू गोडी लागेल असं कोणी सांगेल, पण मला तरी अजून लागलेली नाही. कंटाळ्याबद्दल मी तुला बोल लावत नाही. तू 'आईबरोबर' जातोस, हे मला खटकलं. यादी तिच्या डोक्यात, पारख तिची, सुट्ट्या पैशाचं ध्यान तिला. मग तुझ्या वाट्याला हमाली तेवढी राहते आणि हमालीचा कंटाळा येणारच. यादी स्वतःच्या डोक्यात घेऊन जा.

मीही बावीस वर्षं तुझ्या काकूच्या मागं पिशव्या धरून फिरलो. एका एप्रिलात तिचं ऑपरेशन झालं आणि वर्षाच्या चटणीच्या मिरच्या आणायची पाळी माझ्यावर आली. आपल्याकडं चटणी बिघडली म्हणजे वर्ष बिघडलं, हे तुला सांगायला नको. एका पोत्यात लांब, बारीक संकेश्वरी, शेजारच्या पोत्यात सुरकुतलेली ब्याडगी. दरवर्षी त्याच पोत्यांसमोर उभा राहिलो होतो, पण तिखटाला कुठली, रंगाला कुठली, ती कुठली किती घेते, कधी बघितलंच नव्हतं. सगळी संकेश्वरीच घेऊन आलो. देठ मोडून बघितला नाही, मूठभर मिरच्या हलवून बियांचा आवाज ऐकला नाही. निघाल्या दमट. ऊन देऊन डंकावर नेल्या, तर चटणी झाली नुसता जाळ आणि रंग विटकरी. ती अंथरुणावर उठून बसली, बोटावर घेऊन चाखली आणि म्हणाली, "ब्याडगी नाही घातली?" एवढंच. वर्षभर रस्सा करताना ती हात आखडून चटणी घालायची आणि मी ताटावर मान खाली घालून जेवायचो.

मी बेफिकीर नवरा नव्हतो, हेही तुला सांगितलं पाहिजे. पगार एक तारखेला तिच्या हातात असायचा. बाजाराचा एक रविवार मी चुकवला नाही. पण घरात काय संपलंय ते एकट्या तिलाच ठाऊक असायचं, आणि बावीस वर्षांत मी ते एकदाही स्वतः बघितलं नाही. ते आजही सलतं.

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली, गुळानं आपल्या कोल्हापूरचं नाव लांबवर नेलं, आणि इथल्याच पोरांना पिवळाधमक गूळ चांगला वाटतो! अरे, तो रंग बऱ्याचदा पावडरीचा असतो. गडद तपकिरी ढेप बघ, खडा जिभेवर ठेव, खारट लागला तर पुढं चल. आई सांगेल म्हणून थांबू नकोस. तिनं सांगायचं आणि तू आणायचं, म्हणजे यादी परत तिचीच. तू म्हणशील, काका, आता सगळं मोबाईलवर मागवता येतं. मागव की! पण मागवताना "आई, काय काय संपलंय?" म्हणून ओरडलास, तर काय उपयोग?

शनिवारी रात्री फडताळातले डबे स्वतः उघड. तूरडाळ किती राहिलीय ते हात घालून बघ, तेलाचा डबा हलवून बघ. रविवारी सकाळी सात वाजता, ऊन चढायच्या आत, मी बिंदू चौकात उभा असतो. दोन पिशव्या आण. बटाटे खाली, टोमॅटो वर. आईला झोपू दे.

तुझा,
काका