२० तारखेनंतर करायचं काय?

प्रश्न : ताई, मी भोसरीला एका छोट्या कंपनीत अकाउंट्सला आहे, बी.कॉम.नंतरचा पहिलाच जॉब. ७ तारखेला टीडीएस (पेमेंटमधून कापलेला इन्कम टॅक्स) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, २० ला ३बी म्हणजे जीएसटी भरायचं रिटर्न, तोपर्यंत मान वर करायला फुरसत नसते आणि नंतर एकदम सामसूम. अकरा वाजताच एंट्र्या संपतात, मग साहेबांची केबिन समोरच म्हणून टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडी ठेवून नुसता कीबोर्ड बडवत बसते. "सर, काही काम आहे का" विचारलं तर "बघू" म्हणाले, एकदा तर गोडाऊनला स्टॉक मोजायला पाठवलं! आई म्हणते नशीबवान आहेस, पण दिवस जाता जात नाही.

उत्तर : आधी तो कीबोर्ड बडवणं बंद कर, साहेबांना कळत नसेल असं समजू नकोस. आणि "काही काम आहे का" विचारलंस की तुला काम शोधून देणं हेच त्यांच्या मागे एक नवीन काम लागतं, मग सुचेल ते सांगून मोकळे होतात. काम तू शोध, त्यांच्याकडे फक्त परवानगी माग.

टॅलीत सस्पेन्सचं लेजर, म्हणजे खातं, उघड. कोणाचे ते न कळलेले पैसे तिथे पडून असतात. समजा ५८,००० जमा दिसतायत आणि त्या रकमेचं बिलच नाही. मग ५९,००० चं शोध, म्हणजे ५०,००० चं बिल, वर १८% जीएसटी ९,०००, आणि पार्टीनं मूळ रकमेवर २% टीडीएस, म्हणजे १,००० कापून बाकीचे पाठवले. २६एएसला (आपला कुणी किती टीडीएस कापला ते दाखवणारं इन्कम टॅक्सचं स्टेटमेंट) तो हजार दिसला की एंट्री लागली. अशा दोन-चार सुटल्या ना की दुपार कुठे गेली कळत नाही (मला तरी यात शब्दकोड्यापेक्षा जास्त मजा येते). फक्त ऑडिट झालेल्या वर्षात परस्पर हात घालू नकोस.

दुसरं म्हणजे २बी, सप्लायरनी चढवलेल्या आपल्या खरेदीच्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी. ते १४ ला येतं पण तेव्हा ३बीची घाई, त्यामुळे ज्या सप्लायरनी आपलं बिल चढवलंच नाही त्यांचा पाठपुरावा राहून जातो. २० नंतर तेही जरा मोकळे असतात, फोन उचलतात. एका आर्थिक वर्षातल्या खरेदीवर दिलेल्या जीएसटीचं राहिलेलं क्रेडिट (आपल्या जीएसटीतून वजा करायची रक्कम) पुढच्या ३० नोव्हेंबरनंतर घेता येत नाही, म्हणजे कंपनीच्या खिशातलेच पैसे गेले. "सर, या तीन पार्ट्यांची बिलं २बीत नाहीत, फोन करू का?" असं विचार, याला कोणी "बघू" म्हणत नाही.

गोडाऊनला नाक मुरडू नकोस गं, ३१ मार्चला क्लोजिंग स्टॉकचा, म्हणजे वर्षाअखेरीस उरलेल्या मालाचा, आकडा तूच टाकणार आहेस, माल डोळ्यांनी बघितलेला बरा.

एवढं करूनही वेळ उरला तर एक्सेलमधलं पिव्होट टेबल (मोठ्या डेटाचा झटपट गोषवारा काढायची सोय) शिकून घे, ऑफिसच्याच डेटावर. आणि नवीन काही सुचवायचं तर २२-२३ ला सुचव, ५-६ तारखेला नको, तेव्हा टीडीएसच्या गडबडीत कोणी ऐकूनही घेणार नाही.