इंटरलाकेनहून एका दिवसात गिमेलवाल्ड गाव पाहायचं आहे. वडिलांचे गुडघे दुखतात. कसं जावं आणि तिथे काय पाळावं?

नक्की जा. स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेनच्या दरीवरच्या कड्याच्या टोकाला, साधारण 1,360 मीटरवर हे गुराढोरांचं गाव आहे. पर्यटकांच्या गाड्या वर जात नाहीत.

इंटरलाकेन ओस्टहून लाउटरब्रुनेनची ट्रेन वीसेक मिनिटांची. पहिली चूक इथेच होते: ट्रेनचे वाटेत झ्वायल्यूचिनेन स्टेशनला दोन भाग होतात, अर्धे डबे ग्रिंडेलवाल्डला जातात. डब्यावरची पाटी वाचूनच चढा. लाउटरब्रुनेन स्टेशनसमोरून केबलकारने ग्र्यूचाल्प आणि तिथून छोट्या ट्रेनने म्युरेन. स्विस ट्रॅव्हल पास (पर्यटकांचा प्रवास पास) इथपर्यंत चालतो.

जुन्या माहितीत दरीतल्या स्टेचेलबर्गहून केबलकारने गिमेलवाल्डला उतरा असं असतं. डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेली नवी केबलकार मात्र थेट म्युरेनला जाते, गिमेलवाल्डला थांबत नाही.

म्युरेनहून गाव पायी अर्ध्या-पाऊण तासावर, सगळा उतार, जवळपास 280 मीटर. दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा हा उतारच जड जातो. वडिलांनी म्युरेन-गिमेलवाल्ड केबलकारने उतरावं. या केबलकारची वेळ आणि शेवटची परतीची वेळ एसबीबीच्या (स्विस रेल्वेच्या) ॲपवर त्याच दिवशी बघा. एप्रिल-मे आणि नोव्हेंबरात देखभालीसाठी केबलकार काही दिवस बंद असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गावाभोवतीचं फुलांनी भरलेलं गवत म्हणजे इथला कडबा. उन्हाळ्यात कापून, वाळवून हिवाळाभर गुरांना तेच घालतात. उभं गवत तुडवलं की आडवं पडतं, मग विळ्याखाली किंवा यंत्राखाली नीट येत नाही. फोटोसाठीही त्यात उतरू नका, चटई तर मुळीच टाकू नका. कापलेल्या कुरणातूनही पिवळ्या पाट्यांची वाट सोडू नका. (पाटीवरच्या चालण्याच्या वेळेत विश्रांती धरलेली नसते, तुम्ही दीडपट धरा.) फाटक उघडलंत तर लावून घ्या, कुंपणाच्या तारेत बहुधा वीज असते. वासरू सोबत असलेल्या गाईजवळ जाऊ नका, हात लावणं तर दूरच, लांबून वळसा घाला.

जेवण लाउटरब्रुनेन किंवा म्युरेनच्या कूप सुपरमार्केटमधून घेऊन चला, शाकाहारी असाल तर विशेषच. गावात काही घरांबाहेर चीज विकायला ठेवलेलं असतं. मालक समोर नसतो, पैसे डब्यात टाकायचे. त्यासाठी फ्रँकची नाणी आणि सुट्या नोटा हव्यात. हौदाचं पाणी पिता येतं, फक्त 'काइन ट्रिंकवासर' (पिण्याचं पाणी नाही) लिहिलेलं सोडून.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांसह पाऊस येतो, म्हणून सकाळची पहिली ट्रेन धरा.