पाटल्या मोडू की चौथं कर्ज घेऊ?

पत्र:
ताई, आम्ही इंदूरला परदेशीपुऱ्यात भाड्याच्या खोलीत राहतो. सासरे हुकुमचंद मिलमध्ये होते, आता ते नाहीत. मिस्टर लोडिंग रिक्षा चालवायचे. अपघातानंतर पायात रॉड आहे, ओझं उचलता येत नाही, म्हणून एका दुकानात हिशेबाला बसतात. मी चार घरी पोळ्या करते. लाडली बहनाचे पैसे धरून महिन्याला 17,000 येतात. ऑपरेशनच्या आगेमागे गटातून तीन कर्जं घेतली, त्यांचे हप्ते 8,700. भाडं 5,500, ते तीन महिन्यांचं थकलंय. मालक म्हणतात, सामान रस्त्यावर काढीन. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत, दोघं खासगी शाळेत. एक एजंट म्हणतो, चौथं कर्ज देतो, उत्पन्नाचं मी बघून घेतो. नाहीतर सासूबाईंच्या दोन पाटल्या आहेत. कंट्रोलचं, म्हणजे रेशनचं, धान्य त्यांना नको, म्हणतात आपण मागून खाणारे नाही. देवासला माझा भाऊ आहे, त्याला यातलं काहीच माहीत नाही. संक्रांतीचं हळदीकुंकूसुद्धा उसने पैसे घेऊन केलं. हप्त्याच्या दिवशी मागच्या गल्लीनं घरी येते. काय करू?
— एक बहीण

उत्तर:
आधी त्या एजंटाला नाही सांगा, मग पुढचं वाचा.

17,000 मधले 8,700 हप्त्यांत जातात, म्हणजे निम्म्याहून जास्त. रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे की असं लहान कर्ज देताना घरातले सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तेव्हा खरा आकडा लिहिला तर तुम्हाला चौथं कर्ज मिळूच शकत नाही. ‘उत्पन्नाचं मी बघून घेतो’ म्हणजे फॉर्मवर खोटा आकडा तो लिहिणार आणि खाली सही तुमची असणार. कर्जातून भाडं भरलंत तर तीन महिन्यांनी भाडं पुन्हा थकेल, आणि हप्ते मात्र चार झालेले असतील.

आता पाटल्या. एक मोडा. गहाण टाकू नका, कारण गहाण म्हणजे पुन्हा व्याज आणि पुन्हा तारीख. पण सासूबाईंना न विचारता कपाट उघडायचं नाही. त्यांना सोबत घेऊन सराफ्यात जा, दोन दुकानांत वजन करा. रोज घातलेली पाटली आतून झिजून गुळगुळीत झालेली असते, वजन आठवणीपेक्षा कमी भरतं. ते आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे दुकानात वाईट वाटणार नाही. किती घट धरली ते विचारा आणि पक्की पावती घ्या. सोन्याचा आजचा भाव बघता एका पाटलीत थकलेले 16,500 फिटून वर रक्कम उरायला हवी. त्या रकमेतून तिन्हींपैकी सगळ्यात लहान कर्ज एकदम बंद करा. मुदतीआधी फेडलं म्हणून दंड लावायला मनाई आहे. एक हप्ता कायमचा गेला तरच पुढचं भाडं वेळेवर जाईल. दुसरी पाटली सासूबाईंच्या हातातच राहू द्या.

मालकांना भाडं द्याल तेव्हा पावती मागा, नाहीतर खात्यावर भरा. आपल्या मध्य प्रदेशच्या 1961 च्या भाडे कायद्यानुसार घर रिकामं करवून घ्यायला मालकाला कोर्टात जावं लागतं. थकबाकीची नोटीस आली तरी पैसे भरायला दोन महिन्यांची मुदत असते. सामान रस्त्यावर काढायचा अधिकार त्यांना नाही. तरीही मी म्हणेन, भांडायला जाऊ नका, पैसे घेऊन जा. त्यांचंही घर भाड्यावर चालत असेल. धमकी थांबली नाही तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जा. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोन करायचा तर 15100.

वसुलीवाल्यांना सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करता येत नाही, धमकावता तर कधीच येत नाही. उशिराचा दंड थकलेल्या रकमेवरच लागतो, सगळ्या कर्जावर नाही. उरलेल्या दोन कंपन्यांना लेखी अर्ज द्या, अपघाताचे कागद जोडा, हप्ता लहान करून मुदत वाढवून मागा. गटातल्या बायकांवर रागावू नका. तुमचा हप्ता चुकला की त्यांनाच जाब विचारला जातो, त्या तुमच्याइतक्याच अडकल्यात. मागच्या गल्लीनं जाण्यापेक्षा बैठकीत जा आणि सांगा, या महिन्यात एवढेच आहेत. पहिल्यांदा जड जाईल.

पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती हळदीकुंकवाच्या ओळीवर. उसने पैसे घेऊन वाण लुटलंत, कारण त्या दुपारी तरी घर पहिल्यासारखं दिसावं असं वाटलं. याला मी उधळपट्टी म्हणणार नाही. पण बाई, ही लपवालपवी तुम्हाला व्याजापेक्षा महाग पडते आहे. भावाला माहीत नाही म्हणून त्याची मदत नाही, शाळेला माहीत नाही म्हणून सवलत नाही. मुलीला मात्र माहीत आहे, खात्री बाळगा. नववीतल्या मुलीला घरातला डबा उघडल्याच्या आवाजावरून कळतं किती उरलंय. तिला आकड्यांसकट सांगा. तिला मध्येच शाळेतून काढू नका, मुख्याध्यापकांना भेटून फी हप्त्यांनी मागा. मुलाला पुढच्या वर्षी सरकारी शाळेत घाला. आठवीपर्यंत फी नाही, पुस्तकं मिळतात, दुपारचं जेवणही. त्यात कमीपणा नाही.

भावाकडे पैसे मागायला जाऊ नका, सांगायला जा. काय करायचं ते तो ठरवील. नवऱ्याला घेऊन जा. त्यांच्या तोंडचं पत्रात एक वाक्यही नाही, याचा अर्थ घरातही ते बोलत नसावेत. रिक्षा गेली तेव्हा त्यांचं फक्त उत्पन्न गेलं नाही. महिन्याचा हिशेब त्यांच्याकडे द्या. दिवसभर दुसऱ्याचा लिहितात, स्वतःचाही लिहितील.

आणि आता कंट्रोल. सासूबाईंना हे वाचून दाखवा. हुकुमचंद मिल 12 डिसेंबर 1991 ला बंद झाली. कामगारांच्या हक्काचे पैसे मिळायला 2023 चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षं ते आणि त्यांच्या बायका वाट बघत राहिल्या. ते मागणं होतं का? केलेल्या कामाचे पैसे होते. धान्याचंही तसंच आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तो हक्क झाला. मध्य प्रदेशात पात्रता पर्चीसाठी, म्हणजे रेशनचं धान्य मिळवून देणाऱ्या चिठ्ठीसाठी, जे वर्ग ठरवलेत, त्यांत बंद मिलचे माजी कामगार हा एक वर्ग आहे आणि घरकाम करणाऱ्या बायकांचा दुसरा. सासऱ्यांचं नाव एका वर्गात, तुमचं दुसऱ्यात. माणशी 5 किलो, पाच जणांचे 25 किलो, 2023 पासून पूर्ण मोफत. त्यातून वाचणारे पैसे थेट भाड्याला जातील.

सासूबाई सत्तरीच्या पुढच्या असतील तर त्यांचं आयुष्मान कार्डही काढून घ्या, त्या वयाला उत्पन्नाची अट नाही. आवास योजनेत घर देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. अर्ज करण्याचा विचार कर्जं उतरल्यावर करू.

सोमवारी पोळ्यांची कामं आटोपली की नगर निगमच्या झोन कार्यालयात जा. पाचही जणांचे समग्र आयडी (राज्य सरकारचा ओळख क्रमांक) आणि आधार बरोबर ठेवा. घरकामगार म्हणून नोंद झालेली नसेल तर ती आधी करा. ई-केवायसी कुणाची राहिलीय ते तिथेच विचारा, पुष्कळदा एका नावापायी सगळी पर्ची अडते. अर्जाची पोच घ्या. उगाच खेपा घालायला लावल्या तर सीएम हेल्पलाइनच्या 181 वर तक्रार करा, तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि मला कळवा.