इंग्लंडमध्ये नवीन आहे, ब्रिटनची जुनी नाणी जमवायची आहेत. बाजारात 1806 ची एक पेनी दिसली, पण तिच्यावरचा राजाचा चेहरा पुसट झालाय, घ्यावी का? दर्जा कसा ओळखायचा आणि खरेदी कुठून करायची?

जुनं म्हणजे महाग, हे आधी डोक्यातून काढून टाका. तुम्हाला बाजारात दिसलेली 1806 ची पेनी बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीतली आहे. ती भरपूर मिळते, आणि तुम्ही म्हणता तशी राजाचा चेहरा पुसट होण्याइतकी झिजली असेल तर तिची घाई अजिबात करू नका. रोमन काळातली झिजकी तांब्याची नाणीही इथे काही पौंडांत मिळतात. किंमत दोन गोष्टींवर ठरते: नाणी किती उरली आहेत आणि कशा अवस्थेत उरली आहेत. दुसरी गोष्ट ओळखायला डोळा तयार करावा लागतो, आणि त्यासाठी एकच मालिका धरून बसणं हा माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग आहे.

मी सुचवेन पाचव्या जॉर्जची पेनी, 1911 ते 1936. ही नाणी 1971 मध्ये दशमान पद्धत येईपर्यंत लोकांच्या खिशात फिरत होती, त्यामुळे पार गुळगुळीत झालेल्यापासून कोऱ्या करकरीतपर्यंत सगळे नमुने स्वस्तात पाहायला मिळतात. 1923 ते 1925 या सालांच्या पेनी नाहीतच. 1933 च्या जेमतेम मूठभर माहीत आहेत, ते साल सोडून द्या. बाकी संच जमू शकतो. शोधायची मजा छोट्या अक्षरांत आहे. 1912 च्या काही पेनींवर सालाच्या डावीकडे बारीक 'एच' दिसतो, म्हणजे ती बर्मिंगहॅमच्या हीटन कंपनीने पाडली. 1918 आणि 1919 मध्ये 'एच'बरोबर 'के एन'ही आहे, म्हणजे किंग्ज नॉर्टन, बर्मिंगहॅमचीच दुसरी टांकसाळ. हे 'के एन' चांगल्या अवस्थेत मिळणं कठीण, आणि त्याला भावही तसाच.

आता दर्जा. इथे फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन आणि अनसर्क्युलेटेड (न वापरलेलं) या चढत्या पायऱ्या चालतात. 'फाइन' ऐकायला छान वाटतं, पण ते बरंच झिजलेलं नाणं असतं. शिवाय ब्रिटिश मोजमाप अमेरिकी मोजमापापेक्षा कडक आहे, त्यामुळे ऑनलाइन घेताना विक्रेता कुठला आहे ते बघा. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक टेबललॅम्प एवढं पुरतं. नाणं कडेने धरा, दिव्याखाली हळूहळू तिरकं करा. झीज आधी उंच भागावर होते: राजाच्या कानावरचे केस, मिशी, मागच्या बाजूला ब्रिटानियाची (ब्रिटनचं प्रतीक असलेल्या, बसलेल्या स्त्रीची) छाती आणि शिरस्त्राण. कानावरचे केस सुटे सुटे दिसत असतील तर नाणं चांगलं आहे. तिथे सपाट डाग असेल तर पुढचं बघा.

पण या मालिकेत एक मोठी गोम आहे, आणि माझ्या मते ती समजली की निम्मं ग्रेडिंग (दर्जा ठरवणं) समजलं. राजाचं डोकं इतकं मोठं आणि उठावदार कोरलं होतं की ठसा मारताना धातू तिकडेच ओढला जाई आणि ब्रिटानिया पुसट उमटे. कधीकधी तर मागच्या बाजूवर राजाच्या डोक्याची सावलीच दिसते. टांकसाळीने पुढे चेहरा बदलून, मग 1928 पासून लहान करून हा दोष घालवला. म्हणून 1920 च्या आसपासच्या पेनीवर ब्रिटानियाची छाती सपाट दिसली तरी ती झीज असेलच असं नाही. राजाचे केस शाबूत असतील आणि नाण्यावर मूळची लालसर झळाळी टिकून असेल, तर ते कमी वापरलेलं, फक्त कच्चं उमटलेलं नाणं आहे. अशी नाणी घाईत 'फाइन' म्हणून विकली जातात.

झळाळी खरी की घासून आणलेली, हेही दिव्याखालीच कळतं. मूळ चमक नाणं फिरवलं की त्याच्याबरोबर फिरते. घासलेलं नाणं सगळीकडे सारखंच गुलाबी दिसतं आणि भिंगाखाली केसासारखे समांतर ओरखडे दिसतात. कृपा करून चिंच, पितांबरी, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. जुन्या पेनीवरच्या चॉकलेटी थराला शंभर वर्षं लागलेली असतात, तो गेला की परत येत नाही आणि किंमत लगेच पडते.

चांदीकडे वळलात तर तीन टप्पे पाठ करा: 1919 पर्यंत 92.5 टक्के चांदी, 1920 ते 1946 निम्मी, 1947 पासून चांदी नाहीच (राजघराणं दान म्हणून वाटतं ती मॉन्डी नाणी सोडून). चांदीच्या नाण्यांचं वजन ठरलेलं असतं, शिलिंग 5.66 ग्रॅम, हाफ क्राउन 14.14 ग्रॅम, त्यामुळे खरं-खोटं तपासायला सोनाराचा छोटा डिजिटल काटा जवळ ठेवा. 1905 चा हाफ क्राउन दुर्मिळ आहे आणि म्हणूनच त्याच्या नकला फार. तो 'नशिबाने स्वस्तात' कुणी देत असेल तर घेऊ नका. सॉव्हरिन म्हणजे एक पौंडाचं सोन्याचं नाणं, त्यात मात्र आपल्या माणसाने एक जरूर शोधावं: 1918 चं, सालाच्या वर बारीक 'आय' असलेलं. ते मुंबईच्या टांकसाळीत पाडलेलं आहे, आणि मुंबईने त्या काळात एवढ्या एकाच सालाचं पाडलं.

खरेदीसाठी सुरुवातीला कॉइन फेअरमध्ये (नाणेविक्रेत्यांच्या मेळ्यात) जा, कारण तिथे नाणं हातात घेऊन बघता येतं. विक्रेत्याला मोकळेपणाने विचारा, "याला तुम्ही व्हेरी फाइन का म्हणता?" चांगला विक्रेता आनंदाने दाखवतो. ब्रिटिश न्यूमिस्मॅटिक ट्रेड असोसिएशन या नाणेविक्रेत्यांच्या संघटनेचे सदस्य असलेले दुकानदार ही बरी सुरुवात. लिलावात बोलीवर खरेदीदाराचं कमिशन चढतं, बऱ्याचदा वीस टक्क्यांच्या वर, ते धरूनच बोली लावा. ऑनलाइन घेताना दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो आणि परत घेण्याची हमी नसेल तर पुढे जाऊ नका. लंडनला गेलात तर ब्रिटिश म्युझियमच्या 68 क्रमांकाच्या दालनात, पैशाच्या इतिहासाच्या दालनात, निवांत वेळ काढा. प्रवेश फुकट आहे.

आणलेली नाणी मऊ प्लास्टिकच्या पीव्हीसी पाकिटात ठेवू नका, त्याने हिरवा चिकट थर चढतो. कागदी पाकिटं किंवा मायलरच्या (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या) चौकटी वापरा.