इराण-इराक युद्ध पंथभेदामुळे पेटले का?

प्रश्न : आमच्या वाचक मंडळात इराण-इराक युद्धाचा विषय निघाला, तेव्हा बहुतेकांनी ‘शिया-सुन्नींचे जुने वैर’ एवढेच कारण सांगितले. दोन्ही देश मुस्लिमबहुल, दोन्हीकडे तेल मुबलक. मग ते आठ वर्षे का लढले? पंथभेद हेच खरे कारण मानावे का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : पंथभेदाचा त्यात वाटा होता, पण केवळ त्यामुळे युद्ध पेटले असे म्हणता येत नाही. इराकच्या लोकसंख्येत शियाच बहुसंख्य होते, इराकचे सुन्नीपंथीय अध्यक्ष सद्दाम हुसेन यांच्या फौजेतील सामान्य शिपाईही मोठ्या संख्येने शिया होते आणि ते इराणविरुद्ध लढले. तर इराणच्या खुझिस्तान प्रांतातील अरब आपल्या बाजूने उठतील, ही सद्दाम यांची अटकळ फोल ठरली.

खरा शोध नदीपासून घ्यावा लागतो. तैग्रिस आणि युफ्रेटिस यांच्या संगमातून निघून सुमारे २०० किलोमीटर वाहणारी शत-अल-अरब (इराणी तिला आरवंद रूद म्हणतात) समुद्राकडे जाताना दोन्ही देशांची सीमा होते. १९३७ च्या करारानुसार, काही बंदरांलगतचा भाग वगळता, ही सीमा प्रवाहाच्या मध्यातून नव्हे, तर इराणच्या काठावरून जात असे. आपण गोदाकाठचे आहात, म्हणून होळकर पुलावर उभे राहून कल्पना करावी : नदीचे सारे पाणी पंचवटीचे, पलीकडच्या नाशिककरांची हद्द घाटाच्या शेवटच्या पायरीला संपलेली, आणि त्यांना नाव पाण्यात घालायची तर शुल्क पंचवटीला द्यायचे. हा सल इराणला होता. इराकचीही अडचण खरी होती, कारण त्याचा समुद्रकिनारा अगदी तोकडा आणि बसरा बंदराची वाट याच पाण्यातून जाणारी.

१९६९ मध्ये इराणच्या शाह यांनी तो करार झुगारला आणि पुढे इराकच्या उत्तर भागातील बंडखोर कुर्द या अल्पसंख्य समाजाला शस्त्रे पुरवली. या बंडाने बेजार झालेल्या इराकने ६ मार्च १९७५ रोजी अल्जीयर्स येथे खोल प्रवाहाची मध्यरेषा ही सीमा मान्य केली आणि मोबदल्यात शाह यांनी कुर्दांची मदत थांबवली. इराकच्या वतीने हा समझोता केला तो तेव्हाचे उपाध्यक्ष सद्दाम यांनीच. माझ्या मते युद्धाचे बीज या नाइलाजाने दिलेल्या मान्यतेत आहे.

शाह यांची सत्ता उलथवणाऱ्या इराणमधील १९७९ च्या क्रांतीने त्यात भीतीची भर घातली. क्रांतीचे नेते आयातुल्ला खोमेनी यांनी निर्वासित म्हणून सुमारे १३ वर्षे इराकमधील नजफ येथे काढली होती, आणि १९७८ मध्ये इराकनेच त्यांना बाहेर घालवले होते. सत्तेवर येताच ते सद्दाम यांच्या बाथ पक्षाची राजवट उलथण्याचे आवाहन करू लागले. एप्रिल १९८० मध्ये इराकी नेते तारिक अझीझ यांच्यावर हल्ला झाला, त्यानंतर काही दिवसांतच शिया धर्मगुरू मुहम्मद बाकिर अल-सद्र यांना इराकने मृत्युदंड दिला. दुसरीकडे इराणी सैन्यातील अनेक अधिकारी क्रांतीनंतर मारले किंवा काढले गेले होते, आणि तेहरानमधील अमेरिकी वकिलातीतील कर्मचारी ओलीस धरल्यामुळे अमेरिकी बनावटीच्या विमानांचे सुटे भाग मिळेनासे झाले होते. शेजारी दुबळा झाला आहे, असे सद्दाम यांना वाटले. १७ सप्टेंबरला त्यांनी अल्जीयर्स करार रद्द ठरवला आणि २२ सप्टेंबर १९८० रोजी स्वारी केली.

युद्ध लांबण्याचा दोष मात्र एकट्या इराकचा नाही. मे १९८२ मध्ये इराकने बळकावलेले आपले खुर्रमशहर बंदर परत जिंकल्यावर इराणला थांबता आले असते. खोमेनी यांनी सद्दाम यांच्या पाडावाचा हट्ट धरला आणि शस्त्रसंधी २० ऑगस्ट १९८८ पर्यंत लांबली. ज्या सीमेसाठी लाखो माणसे मेली, तीच १९७५ ची सीमा सद्दाम यांनी कुवेतवर स्वारी केल्यानंतर, ऑगस्ट १९९० मध्ये, पुन्हा मान्य केली.